‘हात’ म्हणजे सात

कोल्हापूरकडच्या एका मुलीने विचारलं आहे. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तिची पहिलीच नेमणूक अक्कलकुवा तालुक्यातल्या डोंगरातल्या उपकेंद्रावर झाली आहे. ती लिहिते, ‘इथल्या बायकांचं एक अक्षर कळत नाही, त्यांना माझं कळत नाही. मी विचारते, त्या खाली बघतात. दिवसभर माणसांत असून मुकी झाल्यासारखं वाटतं. ही भाषा यायला किती महिने लागतात? आणि एक खरं सांगा, यात कधी आनंद वाटायला लागतो का, की नुसतं निभावायचं असतं?’

मी तेहेतीस वर्षं आरोग्य सेविका होते. १९८७ साली रुजू झाले, तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मी मोलगीकडून धडगावकडे बदलून गेले होते. आधी भिली, मग पावरी, अशा दोन भाषांत माझी नोकरी झाली. तुला मी ‘तू’ म्हणते आहे, त्याचं कारण पुढे येईल.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. घरात अहिराणी. त्यामुळे मोलगीला जाताना मी जरा निर्धास्तच होते. अहिराणी आणि भिली सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी असतील, असा माझा समज होता. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली बोली, आमची खानदेशी आणि बंजारा या एकाच पुस्तकात बसवल्या आहेत, हे मला फार नंतर कळलं. पण पुस्तकात शेजारी बसवलं म्हणून पाड्यावर बोलणं कळत नाही. पहिल्या आठवड्यात माझी अवस्था तुझ्यासारखीच होती.

एक बाई तान्हं लेकरू घेऊन आली. लेकराला जुलाब लागलेले, डोळे खोल गेलेले. मी खुणेनं विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, ‘हात.’ मी लेकराचा हात पाहिला. ठीक होता. दुसरा पाहिला. ती पुन्हा म्हणाली, ‘हात, हात.’ मी तिचा हात हातात घेतला, कोपरापर्यंत चाचपला. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की या बाईला झालंय तरी काय! दारात तिची सासू बसली होती. ती उठली, अंगणातून खडे वेचून आणले आणि माझ्यासमोर एकेक मांडत गेली. सात खडे. मग पहिल्या खड्यावर बोट ठेवून सूर्य उगवतो तिकडे हात केला, मावळतो तिकडे केला, आणि पुढच्या खड्यावर बोट नेलं.

सात दिवस. ‘हात’ म्हणजे सात.

मी ओरडलेच, ‘सात!’ म्हातारी खदखदून हसली. सून हसली. लेकराला मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजता पाजता मी म्हातारीला एकेक वस्तू दाखवत गेले आणि ती नावं सांगत गेली. साप म्हणजे हाप. सासू म्हणजे हाहू. आपल्या ‘स’च्या जागी त्यांच्याकडे ‘ह’ येतो, हे व्याकरण त्या दिवशी एका म्हातारीने मला सात खड्यांवर शिकवलं. घरी जाताना रस्त्यात जे दिसेल त्याचा ‘स’ काढून मी ‘ह’ घालून बघत होते. काही बरोबर निघालं, बरंचसं चुकलं. पण पहिल्यांदा वाटलं, ही भाषा म्हणजे भिंत नाही. हिला दार आहे आणि ते आतून उघडतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर मला तिथेच मिळालं होतं. मी त्यांची भाषा बोलले याचा तो आनंद नव्हता, कारण बोलता येतच नव्हती. त्या म्हातारीला शिकवावंसं वाटलं, याचा होता. तोपर्यंत मी पांढऱ्या साडीतली सरकारी बाई होते, सगळं येणारी. त्या खड्यांपाशी मी काहीच न येणारी झाले आणि ती मास्तरीण झाली. त्यानंतर ती रस्त्यात भेटली की आधी सात बोटं दाखवायची, मग हसायची, मग बोलायची.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की ‘कसे आहात’, ‘बरं वाटतं का’ असली वाक्यं आधी पाठ करू नकोस. ‘याला तुमच्यात काय म्हणतात?’ हे एक वाक्य आशाताईकडून आधी घोकून घे. आशाताई त्याच पाड्यातली असते. पाड्यागणिक शब्द थोडा वाकतो, तो तिला माहीत असतो. हे एक वाक्य आलं की बाकीची भाषा लोक स्वतःहून आणून देतात. एक वही कर आणि जसं ऐकू येतं तसं देवनागरीत उतरवून घे. शुद्ध-अशुद्ध बघू नकोस. माझ्या पहिल्या वहीत तीनेकशे शब्द होते: शरीराचे भाग, दुखण्याच्या तऱ्हा, आकडे, काल-आज-उद्या, खाणंपिणं, नाती. दुखण्याच्या तऱ्हांवर जास्त वेळ घालव. ठणकणं, चमक मारणं, पिळवटणं, जळजळणं, यांसाठी त्यांचे वेगळे शब्द आहेत. ते न कळता ‘पोट दुखतं’ एवढ्यावर औषध दिलं तर कधी तरी मोठी चूक होईल.

किती महिने, असं विचारतेस. माझ्या अनुभवाने कान तयार व्हायला सहा महिने लागतात, जीभ वळायला वर्ष. पण माणसं आपली व्हायला एवढं थांबावं लागत नाही.

आता ‘तू’चं सांगते. तुझ्याकडे एखादं लहान पोर येईल आणि तुला ‘तू’ म्हणेल. म्हातारा ‘तू’ म्हणेल. तुमच्या दवाखान्यात मोठे साहेब आले तर त्यांनाही ‘तू’ म्हणतील. आमच्यातले कित्येक कर्मचारी यावरून डाफरतात, मी पाहिलं आहे. अगं, त्यांच्या बोलीत मान ‘तू’ आणि ‘तुम्ही’त ठेवलेलाच नाही. तो बसायला काय दिलं, पाणी कुणी आणून दिलं, आपल्यासाठी कोण उठून उभं राहिलं, यात असतो. आणि त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराज होऊन गेले. त्यांच्या पंथातली माणसं एकमेकांना, अगदी लहान लेकरालाही, ‘आप’ म्हणतात. म्हणजे एका डोंगराच्या वर सगळे एकमेकांना ‘तू’ आणि खाली एका पंथात सगळे एकमेकांना ‘आप’. दोन्हीकडे सगळ्यांना एकच शब्द, हे मला फार आवडतं. तुला वरच्या पाड्यात ‘तू’ म्हटलं की समज, तुला माणसांत धरलं.

मधली भाषा शोधायला विसरू नकोस. डोंगरातले पुरुष ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर गुजरातेत जातात. त्यामुळे कित्येकांना मराठीपेक्षा गुजराती बरी येते. नवापूर-नंदुरबारच्या बाजारपेठेत तर गुजराती रोजचीच. शहादा-तळोद्याकडे गुजरांची गुजरी, नवापूरकडे मावची आणि कोकणी, यावल-रावेर-चोपड्याकडे तडवींची बोली, जळगाव-भुसावळच्या बाजूला लेवा गणबोली, तांड्यांवर गोरमाटी. खानदेशात माणूस एका बाजाराच्या दिवसात चार बोली ऐकून घरी जातो. तू कोल्हापूरची, तुला वाटत असेल की आपण मराठी मुलखातून मराठी मुलखात आलो. तसं नाही. आणि इथल्या लोकांना हे ओझं वाटत नाही, ते सहज एकीतून दुसरीत जातात. तूही मराठीवर अडून बसू नकोस. दोन शब्द गुजराती, एक हिंदी, एक भिली आणि उरलेलं हातवारे, असं चालेल. पण आवाज चढवू नकोस. समोरच्याला कळलं नाही की आपण तेच मराठी वाक्य मोठ्याने म्हणतो, जणू तो बहिरा आहे. ही खोड मला दोन वर्षं होती.

इथे एक जरा कडक गोष्ट सांगते, कारण हिच्यात जीव जातात. ‘हो’वर विश्वास ठेवू नकोस. मी एका आईला जुलाबाचं पाणी शिकवलं. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येक वाक्याला तिने मान हलवली, हो म्हणाली. निघता निघता मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, करून दाखव. तिने तांब्याभर पाणी घेतलं आणि मुठीने मीठ घातलं. ते पाणी लेकराच्या पोटात गेलं असतं तर? तिची चूक नव्हती. तिच्या घरात लिटरचं माप नव्हतं, माझ्या चमच्यासारखा चमचा नव्हता, आणि ‘हो’ हा तिच्यासाठी पाहुणीचा मान होता, समजल्याची पावती नव्हती. त्या दिवसानंतर मी कधीही ‘समजलं का?’ असं विचारलं नाही. ‘घरी कसं करशील, मला दाखव,’ एवढंच म्हणते. माप तिच्या घरातलं घ्यायचं: बाजारातून आलेली रिकामी लिटरची बाटली बघायची, नसेल तर तांब्या किती वेळा भरला की लिटर होतो हे तिच्यासमोर मोजून खूण करायची. तिच्या चमच्यात किती मावतं तेही तिथेच बघायचं. याला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तुला पाच नवे शब्द मिळतात.

दुसरी सावधगिरी. शाळेत जाणारी पोरं छान मराठी बोलतात, आणि दुभाषा म्हणून त्यांनाच पुढे करायचा मोह होतो. औषध किती वाजता, एवढ्यापुरतं ठीक. पण पाळी, अंगावरून जाणं, गर्भपात, नवऱ्याची मारहाण, हे आईने आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून मला सांगायचं? ती सांगणारच नाही. ती खाली बघते ना, त्यातलं अर्धं कारण भाषा नसते, भोवती कोण उभं आहे हे असतं. बायकांना वेगळं बसव. चुलीपाशी बस. अंबाडी निवडायला घेतली असेल तर तूही दोन काड्या हातात घे.

तारखांचं कोडं तुला पडलंच असेल. ‘शेवटची पाळी कधी?’ याला तारीख कुणी सांगणार नाही. मी एक तक्ता करून ठेवला होता, त्यात महिन्यांऐवजी कामं होती. मोहफुलं पडतात ते फाल्गुन-चैत्र. कैऱ्या कापून आमचूर वाळत घालतात तो उन्हाळा. धडगावच्या डोंगरात तेव्हा खडक पांढरे दिसतात. पहिला पाऊस. निंदणी. भगर कापणी. दिवाळी मात्र खूण म्हणून वापरू नकोस, कारण तिथे गावागणिक दिवाळी वेगळ्या दिवशी करतात. एकीची दिवाळी दुसरीच्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी असू शकते. होळीचंही गाव विचारून घ्यायचं. आणि दिवसांचा हिशेब बाजाराने: ‘दोन बाजार झाले’ म्हणजे दोन आठवडे. ‘मोह पडायला लागला होता, तेव्हाचा दुसरा बाजार’ असं कुणी सांगितलं की मला पाळीची तारीख जवळजवळ मिळायची. तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. त्या सातला मी नेहमी मनात ‘हात’च म्हणायचे.

त्यांच्या मोजण्यात एकदा शिरलीस की तुझ्याही डोळ्यांना मोह कधी पडतो ते दिसायला लागतं. मी खाली मैदानात वाढलेली. डोंगराकडे बघायचं मला या बायकांनी, त्यांच्या पाळीच्या तारखा सांगता सांगता, शिकवलं.

आता सिकलसेल. आईबापाकडून लेकराला येणारा हा रक्ताचा आजार भिल्ल-पावरा समाजात पुष्कळ आहे, तुला रोज भेटेल. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आहे, तुझ्याकडे तक्ते असतील, कार्डं असतील. पण ‘वाहक’ हा शब्द तू कोणत्या भाषेत सांगणार? मी धडगावकडे मक्याचे दाणे घेऊन बसायचे. आईपुढे दोन दाणे, एक पांढरा एक लाल. बापापुढे तसेच दोन. दोघांनी डोळे मिटून एकेक दाणा लेकराला द्यायचा. दोन्ही लाल आले तर लेकरू आजारी. एक लाल एक पांढरा, तर आईबापासारखं, स्वतः चालतं-फिरतं पण लाल दाणा जवळ असलेलं. दोन्ही पांढरे, तर मोकळं. मग मी बोटांवर सांगायचे, चारात एक आजारी.

एका बैठकीत एक पावरा आजोबा होते. त्यांनी मला थांबवलं. माझ्या बोलण्याने लोकांना वाटत होतं की चार लेकरं झाली तर त्यातलं नेमकं एक आजारी निघणार. पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. आजोबांनी दाणे परत गोळा केले, मूठ मिटली, हलवली, उघडली. पुन्हा गोळा केले, मिटली, उघडली. दर लेकरासाठी पुन्हा मूठ. आधी काय आलं ते मुठीला आठवत नाही. बियाण्याचा माणूस तो, त्याला ते लगेच दिसलं. मी इतकी वर्षं हे अर्धवट सांगत होते, आणि ते पूर्ण केलं माझी भाषा नीट न बोलणाऱ्या माणसाने. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी मी ‘आजोबांची मूठ’ सांगितली. तूही सांग.

माणसांच्या रीती कळल्या नाहीत तर नुसते शब्द येऊन भागत नाही. होळीच्या दिवसांत एक तरुण तापाने फणफणलेला आला आणि तपासायच्या टेबलावर काही केल्या चढेना. आमचा कंपाउंडर चिडला. मला शब्द कळत होते, तो ‘नाही, नाही’ म्हणत होता, पण का ते कळत नव्हतं. शेवटी त्याच्या बहिणीने सांगितलं, त्याची पाळणी चालू आहे. होळीचा नवस असलेले लोक काही दिवस नेम पाळतात, खाटेवर बसत-झोपत नाहीत, पायात काही घालत नाहीत. टेबल म्हणजे त्याच्या लेखी खाटच. मी जमिनीवर चटई टाकून त्याला तपासलं. एवढंच तर करायचं होतं.

त्याच वर्षी मी पहिल्यांदा काठी गावची होळी पाहिली. तुझ्याच तालुक्यात आहे, राजवाडी होळी म्हणतात, सन १२४६ पासूनची परंपरा सांगतात. रात्रभर ढोल. दूरदूरच्या पाड्यांतून लोक चालत येतात. अंगावर राखेची नक्षी काढलेले, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घातलेले बुध्या. त्यातला एक माझ्यासमोर येऊन घुंगरं वाजवत उभाच राहिला. मी ओळखेना. मग त्याने जमिनीवर बोट दाखवलं, झोपल्यासारखी मान कलती केली, आणि मला चटई आठवली. बायकांनी मला कमरेला धरून रांगेत ओढलं. गाण्यातला एक शब्द मला कळत नव्हता, पावलं दर चौथ्या ठेक्याला चुकत होती, आणि डावीकडची बाई दर चुकीला माझी कंबर घट्ट धरून मला बरोबर पावलावर आणत होती. पहाटे होळी पेटेपर्यंत मी त्या रांगेत होते. तू विचारतेस ना, आनंद कधी वाटायला लागतो? तेव्हा वाटत होता. मी तो नंतर आठवून मोठा केलेला नाही.

तुला वाटेल ही बाई डोंगरातल्यांवर एवढा जीव का टाकते. त्याचं एक कारण माझ्या शिकाऊ दिवसांत आहे. प्रशिक्षणासाठी मी एका मोठ्या शहरात होते. तिथे माझ्या तोंडून ‘आहे’ऐवजी अहिराणी ‘शे’ निघालं की वर्ग हसायचा. मी काही महिने बोलणंच कमी केलं. मग वॉर्डात आमच्याकडचा एक म्हातारा आला, ऑपरेशन झालेलं, दोन दिवस कुणाशी बोलत नव्हता. मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, ‘काय दुखी ऱ्हायनं बाबा?’ त्याने डोळे उघडले आणि गाव कोणतं, कुणाची पोर, इथपासून सुरुवात केली. दुखणं सगळ्यात शेवटी सांगितलं. आपल्या बोलीवर कुणी हसलं तर काय होतं आणि आपल्या बोलीत कुणी विचारलं तर काय होतं, ही दोन्ही मला एकाच वर्षात कळली. म्हणून भिली-पावरीच्या उच्चारावर कुणी हसलं तर मी आजही उठून बोलते.

आमच्या अमळनेरने एक परका माणूस असाच आपला केला होता. कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवायला होते. वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे. पुढे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि शेवटच्या वर्षांत ‘आंतरभारती’चं स्वप्न घेऊन बसले, की एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्याची भाषा शिकावी. मला नेहमी वाटतं, त्याची सुरुवात त्या झाडलेल्या खोल्यांपासून झाली असणार.

आता एक शेवटची मोठी गोष्ट, कारण सगळे अडसर ओलांडायलाच हवेत असं तुला वाटायला नको. २०१० च्या सुमाराचा श्रावण. धडगावकडची आमची एक आशाताई, पावरा, माझी मैत्रीणच झाली होती. तिला मी कानबाईला माझ्या माहेरी घेऊन आले. धडगावहून शहादा, शहाद्याहून दोंडाईचा, तिथून अमळनेर, एसटीने अख्खा दिवस गेला. कानबाई हा आम्हा खानदेशी लोकांचा मोठा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. रोटाचे गहू घरच्या माणसांच्या हिशेबाने मोजून दळतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्यांना देत नाहीत.

हे मी घरी पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं. पाहुणी बोलावून आणली आणि आता तिला देवीचा प्रसाद द्यायचा नाही? मी आईला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, जाऊ दे ना, देऊन टाकू. आई गप्प. तिच्या जिवाला ते पटेना आणि पाहुणीला उपाशी ठेवणंही पटेना. शेवटी मी आशाताईला खरं ते सांगितलं. ती सहज म्हणाली, ‘आमच्यातही कुळाच्या देवाचं कुळातच राहतं. मला दिलं असतं तर मीच घेतलं नसतं.’ मी ते आईला अहिराणीत सांगितलं. आईचा चेहरा असा सैल झाला! तिने लगेच चुलीवर खापर चढवलं आणि खास पाहुणीसाठी मांडे करायला बसली. ‘ये व माय, बठ आठे. पोटभर जेव, लाजू नको.’

आईला पावरी येत नव्हती, आशाताईला अहिराणी येत नव्हती, आणि मधे मी होते. पण थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही. आई हातावर मांडा मोठा मोठा करत खापरावर टाकत होती. आशाताई टक लावून बघत होती. मग तिने हात पुढे केला, आईने गोळा दिला, तो फाटला, आईने तिची मनगटं धरून कोपर कसं फिरवायचं ते दाखवलं. मी ओसरीवर जाऊन झोपले. मध्यरात्री जाग आली तर दोघी अजून बोलत होत्या. आई अहिराणीत, ती पावरीत. आई सांगत होती तिच्या गेलेल्या आंडोरचं, माझ्या भावाचं. आम्ही घरात ते नाव काढत नसू. ती काय सांगत होती ते मी ऐकलं, पण इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. उत्तरं प्रश्नांना जुळत नव्हती. दोघींना त्याची फिकीर नव्हती.

सकाळी आईने तिला ओटी भरून वाटेला लावलं. पुढच्या उन्हाळ्यात आईसाठी धडगावहून आमचूरची पिशवी आली, आणि आई असेपर्यंत दरवर्षी येत राहिली.

तर पोरी, आता होळी येईल तेव्हा काठीला जा. पायात धड बूट घाल, शाल घे, पहाटे डोंगरात थंडी असते. फोटो काढायच्या आधी विचार. नवसवाल्याला खुर्ची देऊ नकोस.

आणि माझं एक काम कर. मोलगीकडे एक म्हातारी दाई होती. नवं ब्लेड, उकळलेला दोरा, स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नाळेला काही लावायचं नाही, या पाच स्वच्छता मी तिला शिकवल्या. बाळंतिणीला उकिडवं बसवून पाठीमागून आधार कसा द्यायचा आणि पोटावर तळवा ठेवून कळ कशी आधीच ओळखायची, ते तिने मला. शेवटच्या कळांना ती बाळंतिणीच्या कानात एक शब्द म्हणायची, अगदी हळू, पुन्हा पुन्हा. तो ऐकला की बाई श्वास सोडायची. माझ्या वहीत तो दोन तऱ्हांनी लिहिलेला आहे आणि दोन्हींवर प्रश्नचिन्ह आहे. विचारू विचारू म्हणत राहून गेलं, आणि दाई गेली. तुझ्या उपकेंद्राच्या पाड्यांत अजून एखादी जुनी दाई असेल. तिला विचार, त्या वेळी तुम्ही काय म्हणता. जसा ऐकू येईल तसा लिहून मला कळव.